गणितातली माणसं सोशल मीडियावर शोधायची कशी? गावाकडच्या वाचकांचे नेहमीचे प्रश्न

विदर्भातल्या खेड्यांतले विद्यार्थी, पालक आणि जिल्हा परिषद शाळांचे शिक्षक यांना डोळ्यांसमोर ठेवून ही उत्तरं लिहिली आहेत. हातात एक साधा स्मार्टफोन आहे, दिवसाला दीड जीबी डेटा आहे आणि रेंज कधी आहे, कधी नाही, असं इथे धरलं आहे.

यूट्यूबवर ‘गणित’ टाकलं की नुसत्या क्लासच्या जाहिराती येतात. सुरुवात कुठून करायची?

‘गणित’ हा शब्दच शोधायला निकामी आहे, फार मोठा आहे. धड्याचं नाव टाका. दहावीच्या भाग १ मधलं ‘वर्गसमीकरणे’ किंवा ‘अंकगणिती श्रेढी’, भाग २ मधलं ‘समरूपता’ किंवा ‘महत्त्वमापन’. निकाल आले की वरच्या फिल्टरमध्ये जाऊन प्रकार ‘प्लेलिस्ट’ निवडा. हे महत्त्वाचं आहे. एखादा व्हिडिओ कोणीही टाकतो, पण अख्ख्या धड्याची सरावसंचांसकट प्लेलिस्ट करणारा माणूस बहुधा खरोखर शिकवणारा असतो. मग त्याच्या चॅनेलवर जा आणि सर्वांत जुने व्हिडिओ बघा. तिथे शिकवणं असेल आणि अलीकडे नुसते ‘हमखास येणारे प्रश्न’ उरले असतील, तर जुनी प्लेलिस्ट सेव्ह करा, पण सबस्क्राइब करायची घाई नको.

एकदम पन्नास चॅनेलं घेऊ नका. पाच पुरेत. त्यातलं एक महिनाभर उघडलंच नाही तर ते काढा आणि दुसरं घ्या. नको ते व्हिडिओ समोर येत असतील तर तीन टिंबांवर दाबून ‘हे चॅनेल सुचवू नका’ हा पर्याय निवडा. आठवडाभर नेमाने केलं की पान बरंच निवळतं. घरात एकच फोन असेल तर लेकरासाठी वेगळं गूगल खातं उघडा, नाहीतर बापाच्या कीर्तनात आणि पोराच्या क्रिकेटमध्ये गणित बुडून जातं.

हिंदीतले चांगले शिक्षक सापडतात, पण त्यांचे शब्द आमच्या पुस्तकात नाहीत. काय करायचं?

विदर्भात हिंदी कानाला सवयीची आहे, म्हणून ही वाट सोपी वाटते. अडतं ते परिभाषेवर. हिंदीतलं ‘द्विघात समीकरण’ म्हणजे आपलं वर्गसमीकरण. ‘समांतर श्रेढी’ म्हणजे अंकगणिती श्रेढी. ‘प्रायिकता’ म्हणजे संभाव्यता, ‘क्षेत्रमिति’ म्हणजे महत्त्वमापन, ‘भिन्न’ म्हणजे अपूर्णांक. ‘लघुत्तम समापवर्त्य’ म्हणजे लसावि आणि ‘महत्तम समापवर्तक’ म्हणजे मसावि.

सगळ्यांत जास्त गोंधळ उडतो तो भूमितीत. हिंदीत ‘सर्वांगसम’ म्हणतात त्याला आपण ‘एकरूप’ म्हणतो, आणि ‘समरूप’ मात्र दोन्हीकडे समरूपच. हिंदी ऐकून आलेला मुलगा पेपरात एकरूपच्या जागी समरूप लिहितो आणि गुण जातात. वहीच्या शेवटच्या पानावर तीन रकाने करा: मराठी, हिंदी, इंग्रजी. दर व्हिडिओमागे दोन-तीन शब्द भरत गेलात की महिन्याभरात पुढच्या शोधासाठी लागणारे शब्दही आपोआप गोळा होतात. ‘वर्गसमीकरणे’ला दहा निकाल आले तर त्याच अर्थाच्या इंग्रजी शब्दाला रोमन लिपीत कितीतरी जास्त येतील.

शिकवणारा खरा आहे की नुसता बोलका, हे कसं ओळखायचं?

फॉलोअरच्या आकड्यावरून नाही. तुम्हाला आधीच नीट येणारा विषय घ्या आणि त्यावरचा त्याचा व्हिडिओ बघा. तीन परीक्षा सांगतो.

पहिली, ६१७४. हा द. रा. कापरेकरांचा (१९०५–१९८६) अंक, नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिकवणाऱ्या गुरुजींचा. चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेली संख्या वजा करा, पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात वेळा केलं की ६१७४ येतं. या अंकावर ढिगाने व्हिडिओ आहेत. बघायचं ते एवढंच की समोरचा अटी सांगतो का. चारही अंक सारखे चालत नाहीत, कारण ११११ मधून ११११ गेले की शून्य. आणि डावीकडचा शून्य टाकायचा नाही. २१११ घ्या: २१११ − १११२ = ०९९९. इथे शून्य खाल्ला की ९९९ उरतात, ९९९ − ९९९ = ०, खेळ खलास. शून्य ठेवला तर ९९९० − ०९९९ = ८९९१, मग ९९८१ − १८९९ = ८०८२, मग ८८२० − ०२८८ = ८५३२, आणि ८५३२ − २३५८ = ६१७४. जो माणूस ही शून्याची गोष्ट न विचारता सांगतो, त्याला फॉलो करायला हरकत नाही.

दुसरी, अपूर्णांकांचा भागाकार. ‘उलटा करा आणि गुणा’ एवढंच सांगून पुढे जाणारे शंभर मिळतील. ‘का’ सांगणारा शोधा. पाऊण एकर वावराचे अष्टमांश एकराचे तुकडे पाडायचे. एकर म्हणजे ४० गुंठे, पाऊण एकर ३० गुंठे, अष्टमांश एकर ५ गुंठे. ३० मध्ये ५ किती वेळा? सहा. आता सूत्राने करा: ३/४ ला १/८ ने भागायचं म्हणजे ३/४ गुणिले ८, उत्तर सहाच. एका एकरात असे आठ तुकडे बसतात, म्हणून पाऊण एकरात आठाच्या पाऊणपट. उलटा करण्यामागचं कारण हेच आहे.

तिसरी परीक्षा ‘कंचेभागुबेव’ची, म्हणजे कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी या क्रमाची. अक्षरं पाठ करून ‘बेरीज आधी, वजाबाकी नंतर’ असं सांगणारे सर्रास भेटतात. १० − ३ + २ करून बघा. बेरीज आधी केली तर १० − ५ = ५ येतं, आणि ते चूक आहे. बेरीज आणि वजाबाकी एकाच पायरीवर असतात, डावीकडून उजवीकडे जायचं: ७ + २ = ९. हे चुकवणाऱ्याचं बाकीचं बघण्यात वेळ घालवू नका.

चूक सगळ्यांकडून होते. ती दाखवल्यावर तो काय करतो ते बघा. चांगला शिक्षक दुरुस्ती पिन करून सगळ्यात वर ठेवतो. दुसऱ्या जातीचा कमेंटच उडवतो.

‘वैदिक गणित’ आणि ट्रिकवाले फॉलो करावेत का?

आकडेमोडीचा वेग हवा असेल तर थोडे. ‘वैदिक गणित’ नावाने जे चालतं ते स्वामी भारती कृष्ण तीर्थ यांच्या १९६५ साली छापलेल्या पुस्तकातून आलं आहे. त्यातली सूत्रं वेदांच्या उपलब्ध संहितांत सापडत नाहीत, त्यामुळे ‘पाच हजार वर्षांपूर्वीचं’ असं ओरडणारा थंबनेल दिसला की सावध व्हा.

युक्ती मात्र खरी असू शकते. ३५ चा वर्ग करताना ३ गुणिले ४ बारा आणि पुढे २५, म्हणजे १२२५. हे का जमतं? संख्या १०अ + ५ धरली तर तिचा वर्ग १००अ(अ + १) + २५ येतो, झालं. एवढी एक ओळ जो फळ्यावर लिहितो तो ठेवा, बाकीचे सोडा. आणि खरं सांगायचं तर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे जुने पाढे पाठ असलेलं लेकरू बऱ्याच ट्रिकवाल्यांना आजही मागे टाकतं.

जगभरातलं कोण बघण्यासारखं आहे?

ग्रँट सँडरसन यांचं ‘थ्री-ब्लू-वन-ब्राउन’ हे चॅनेल २०१५ पासून सुरू आहे (शोधताना अंक ३ आणि १ वापरा, मधले रंग इंग्रजीत, सगळं सलग). चलचित्रांतून रेषीय बीजगणित (लिनिअर अल्जेब्रा) आणि कलनशास्त्र (कॅल्क्युलस) इतकं नीट दाखवणारं दुसरं फार थोडं आहे. अकरावी-बारावी विज्ञान आणि बीएस्सीच्या मुलांनी आधी या दोन मालिका बघाव्यात. ही चित्रं ते स्वतः लिहिलेल्या ‘मॅनिम’ या पायथन भाषेतल्या साधनाने काढतात. ते कोणालाही फुकट वापरता येतं.

‘नंबरफाइल’ हे ब्रेडी हॅरन यांचं चॅनेल २०११ चं. गणिती माणसं तपकिरी कागदावर मार्करने लिहीत बोलतात. रंजक आहे, पण डोळे मिटून विश्वास ठेवायचा नाही. १ + २ + ३ + … ची बेरीज −१/१२ येते असं सांगणारा त्यांचा २०१४ चा व्हिडिओ प्रचंड गाजला. रामानुजनांनी १९१३ मध्ये इंग्लंडमधले गणितज्ञ हार्डी यांना लिहिलेल्या पत्रात हे आहे हे खरं, पण ती नेहमीच्या अर्थाची बेरीज नव्हे. व्हिडिओत ही गोष्ट पुरेशी स्पष्ट झाली नाही. बुर्कार्ड पोल्स्टर यांनी ‘मॅथोलॉजर’ चॅनेलवर २०१८ मध्ये त्याची सविस्तर चिरफाड केली. दोन्ही लागोपाठ बघा. मोठ्या चॅनेललाही तपासून घ्यायचं कसं, ते तिथे दिसतं.

यूट्यूबवरच्याच मॅट पार्कर यांच्याकडे विनोद आहे. त्यांनी वर्गसंख्यांचा जादूचा चौकोन (आडव्या, उभ्या, तिरप्या ओळींची बेरीज सारखी येणारा) करायचा प्रयत्न केला, तो नीट जमला नाही, आणि आता ‘पार्कर स्क्वेअर’ हे जगभरात जवळपास जमलेल्या गोष्टीचं नाव झालं आहे.

ऑस्ट्रेलियातले शाळाशिक्षक एडी वू यांनी २०१२ मध्ये आजारपणामुळे शाळा बुडणाऱ्या एका विद्यार्थ्यासाठी वर्गातले तास रेकॉर्ड करायला सुरुवात केली. सोयाबीन काढणीत आठ दिवस शाळा बुडालेल्या मुलाला असलीच चीज लागते: पूर्ण तास, फळा आणि मुलांचे प्रश्न.

प्राथमिक शिक्षकांनी जेम्स टँटन यांचं ‘एक्स्प्लोडिंग डॉट्स’ जरूर बघावं. साहित्य म्हणून चिंचोके आणि खडू पुरे. जमिनीवर चार चौकोन आखा. नियम असा की एका चौकोनात दोन चिंचोके झाले की ते उचलायचे आणि डावीकडच्या चौकोनात एक ठेवायचा. उजव्या टोकाच्या चौकोनात १३ चिंचोके टाकून सुरू करा, शेवटी १, १, ०, १ उरतं. १३ द्विमान पद्धतीत (बायनरी, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून) लिहून झालं. दोनाऐवजी दहाचा नियम घेतला की आपली एकक-दशकाची हातच्याची बेरीज तीच.

इंग्रजी बोलणं झरझर जातं, समजत नाही.

वेग ०.७५ वर आणा आणि सबटायटल इंग्रजीच लावा. ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं. आपोआप होणारं मराठी भाषांतरही मिळतं, पण ते गणितात दगा देतं: ‘पॉवर’चं घातऐवजी शक्ती, ‘मीन’चं मध्यऐवजी अर्थ, ‘ऑड नंबर’चं विषम संख्येऐवजी विचित्र संख्या होऊ शकतं. वाक्य विचित्र वाटलं की मूळ इंग्रजी लावा.

ज्यांना भाषाच नको त्यांनी चित्रकोडी धरावीत. इंग्लंडमधल्या शिक्षिका कॅट्रिओना ॲग यांची भूमितीची रंगीत कोडी एक्सवर (आधीचं ट्विटर) फिरत असतात: दोन चौरस, एक अर्धवर्तुळ, ‘कोन किती?’ बस. दहावीच्या पायथागोरस आणि वर्तुळ या धड्यांवर अनेक सुटतात. सकाळी फळ्यावर काढून ठेवा, मधल्या सुटीपर्यंत उत्तर येऊ द्या.

आपल्याकडच्या कोणाला फॉलो करायचं?

अरविंद गुप्ता यांचं नाव पहिलं. टाकाऊ वस्तूंची खेळणी, मराठीसह अनेक भाषांतले छोटे व्हिडिओ आणि फुकट पुस्तकांचा मोठा साठा. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. गणितासाठी त्यांचे कागदाच्या घड्यांचे आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूब व काड्यांचे सांगाडे बघा. त्रिकोण दाबला तरी हलत नाही, चौकोन लगेच तिरका होतो, हे हातात घेतल्याशिवाय कळत नाही.

‘नवनिर्मिती’ या संस्थेने प्राथमिक गणितासाठी ‘युनिव्हर्सल ॲक्टिव्ह मॅथ’ नावाची साहित्यावर आधारलेली पद्धत उभी केली आहे. अझीम प्रेमजी विद्यापीठाचं ‘ॲट राइट अँगल्स’ हे इंग्रजी नियतकालिक इंटरनेटवर फुकट मिळतं. त्यातल्या पद्मप्रिया शिराली यांच्या पुरवण्या तिसरी-चौथीच्या शिक्षकाने छापूनच ठेवाव्यात. मुंबईचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आणि बंगळुरूचं आयसीटीएस हे सैद्धांतिक विज्ञानाचं संशोधन केंद्र यांची व्याख्यानं यूट्यूबवर असतात. आयसीटीएसची बहुतेक अवघड आहेत, तरी सार्वजनिक व्याख्यानं बीएस्सीच्या मुलांना झेपतात. पदवीचे पूर्ण अभ्यासक्रम एनपीटेलवर, म्हणजे आयआयटींच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या साठ्यात.

मराठीत शिक्षकांचे आपापसातले वादही वाचण्यासारखे असतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीने ‘वीस एक’ आलं, तेव्हा फेसबुकवर रान पेटलं. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर (१९४३–२०२३) यांनी कारण सांगितलं होतं: बोलताना एक आधी येतो, लिहिताना दोन आधी, आणि सत्तावन्न-अठ्ठावन्नसारखी जोडाक्षरं लहान मुलांना जड जातात. त्या वेळी पुस्तकाचं पान न उघडता थट्टा करणारे कोण आणि ‘माझ्या वर्गातली मुलं ५२ ऐकून २५ लिहितात’ अशी नोंद करणारे कोण, हे जुन्या पोस्टमध्ये आजही शोधता येतं. दुसऱ्या गटातल्यांना फॉलो करा.

कुठलं ॲप कशासाठी?

शिकायला यूट्यूब. रोजच्या कोड्याला एक्स किंवा इन्स्टाग्राम; एक्सवर ‘फॉर यू’ सोडून ‘फॉलोइंग’वर या आणि गणितवाल्यांची वेगळी लिस्ट करा. इन्स्टाग्रामला १३ वर्षांची अट आहे. संशोधन करणारी माणसं बघायची असतील तर मॅस्टोडॉन या सोशल मीडियावरचं ‘मॅथस्टोडॉन’: २०१७ पासून चालू, जाहिराती नाहीत, नामवंत गणितज्ञ टेरेन्स टाओ तिथे स्वतः लिहितात. सूत्रं गिचमिड दिसली तर ॲप सोडून ब्राउझरमध्ये उघडा, तिथे ती नीट उमटतात.

डेटा आणि रेंज पुरत नाही.

१४४पी वर फळ्यावरचा वर्ग आणि घन ओळखू येत नाही, मुलं चुकीचं उतरवतात. ३६०पी पेक्षा खाली जाऊ नका. त्यापेक्षा व्हिडिओ कमी बघा. तुमच्या फोनवर नेमका किती डेटा जातो हे मोजायचं असेल तर सेटिंगमध्ये यूट्यूबचा वापर बघून ठेवा, दहा मिनिटं व्हिडिओ चालवा, फरक काढा आणि सहाने गुणा, तासाचा हिशेब मिळेल. दिवसाचा उरलेला डेटा रात्री बारा वाजता जातो, म्हणून झोपायच्या आधी उद्याचे दोन व्हिडिओ ॲपमध्येच डाउनलोड करून ठेवा. लाइन गेली, टॉवर गेला तरी ते चालतात. फक्त अधूनमधून फोन इंटरनेटला जोडावा लागतो, नाहीतर ते उघडत नाहीत. दर पाच मिनिटांनी थांबवून वहीत करा. बाजेवर पडून बघितलेलं गणित दुसऱ्या दिवशी येत नाही.

शिष्यवृत्ती, एनएमएमएस, ऑलिंपियाड यांसाठी हेच लोक चालतील?

शालेय शिष्यवृत्ती परीक्षा आणि आठवीची एनएमएमएस (आर्थिक दुर्बल घटकांसाठीची राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षा) यांना सराव लागतो, त्यासाठी मराठी माध्यमातले जुने पेपर सोडवून दाखवणारे चॅनेल वेगळे शोधा. एनएमएमएसमध्ये निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, त्यामुळे तिच्या नावाने खोट्या लिंकही फिरतात. ॲपची फाइल उतरवायला किंवा ‘नोंदणीचे ९९ रुपये’ यूपीआयने भरायला सांगणारा मेसेज आला तर आधी मुख्याध्यापकांना विचारा. ऑलिंपियाडची वाट आयओक्यूएम, आरएमओ, आयएनएमओ अशा एकापुढच्या एक परीक्षांची आहे. तिथे ट्रिक चालत नाही, एकेका गणितावर तासन्‌तास बसावं लागतं.

‘फक्त १ टक्का लोकांना जमतं’ अशी कोडी शेअर करावीत?

नको. ८ ÷ २(२ + २) हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं. २(४) ला ‘चे’ मानून आधी सोडवलं तर १, साधा गुणाकार मानून डावीकडून गेलं तर १६. भांडण गणिताचं नाही, लिहिणाऱ्याने एक कंस गाळला त्याचं आहे.

गावातल्या मुलांसाठी व्हॉट्सॲप ग्रुप काढावा का?

ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. मोठ्या मुलींचे नंबर अनोळखी माणसांच्या हाती जाऊ नयेत म्हणून चॅनेल काढा, त्यात फॉलोअरचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत. चर्चेसाठी ग्रुप हवाच असेल तर तो वर्गापुरता ठेवा, पालकांच्या नंबरवर. रोज एकच गणित सकाळी टाका, उत्तर संध्याकाळी. ‘गुड मॉर्निंग’ची चित्रं पहिल्या दिवशी बंद केली नाहीत तर पंधरा दिवसांत गणित शोधावं लागतं.

अनोळखी शिक्षकाला शंका विचारली तर उत्तर देतील?

देतात, प्रश्न नीट असेल तर. ‘सर, भूमिती समजत नाही’ला उत्तर नसतं. धडा, सरावसंच, प्रश्न क्रमांक, तुम्ही केलेल्या पायऱ्यांचा उजेडात काढलेला सरळ फोटो आणि ‘तिसऱ्या ओळीनंतर अडलं’, एवढं लिहा. थेट मेसेजऐवजी व्हिडिओखाली कमेंटमध्ये विचारा. तिथे त्यांच्याआधी दुसरं कोणीतरी उत्तर देऊन जातं.

आम्ही खेड्यातले, आमच्याकडे टाकण्यासारखं काय असणार?

पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. चार बाय दोन फुटांवर लावली तर एकरी झाडं किती? एकर ४३,५६० चौरस फुटांचा, एका झाडाला ८ चौरस फूट, म्हणजे ५,४४५. तीन बाय तीनवर ४,८४०. आता मुलांना वावरात नेऊन खरंच मोजायला लावा. आकडा जुळणार नाही: धुऱ्याकडे (बांधाकडे) सोडलेली जागा, तिरपं वावर, न उगवलेलं बी. किती कमी भरली आणि का, ते त्यांच्याच अक्षरात वहीवर लिहून त्या पानाचा फोटो टाका. मुलांचे चेहरे आणि शाळेचं नाव फोटोत येऊ देऊ नका. संत्र्याचा बगीचा असेल तर पुढचं गणित तयारच आहे. वीस बाय वीस फुटांवर चौकोनी पद्धतीत एकरी १०८ झाडं बसतात, आणि दोन झाडांतलं अंतर तेवढंच ठेवून षट्कोनी पद्धतीत लावली तर सुमारे १२५. ही वाढलेली सतरा कुठून आली, हे विचारा आणि उत्तर दुसऱ्या दिवशी टाका.